मदत हवी आहे: व्हॉल्व्हमन मामांच्या नावाने रस्ता करायचाय

आमच्या गावात नगरपरिषदेचे व्हॉल्व्हमन मामा होते. पहाटे चारला सायकलला लांब लोखंडी चावी बांधून यायचे आणि पाणी सुटलं की आमच्या जिन्याखाली "भरा गं!" अशी हाक द्यायचे. गेल्या वर्षी गेले. ज्या बोळातून ते रोज जायचे त्याला त्यांचं नाव द्यावं असं आम्हा शेजाऱ्यांच्या मनात आहे. सह्या गोळा केल्यात, पण अर्ज दिला तर "बघू" एवढंच उत्तर मिळालं.

रस्त्यांना नाव देण्याबाबत मुंबईसाठी १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३२७ आहे, आमची मात्र नगरपरिषद. कोणी असं काम केलंय का? अर्ज मुख्याधिकाऱ्यांना द्यावा की आधी नगरसेवकाकडून ठराव मांडून घ्यावा? घरच्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं का? अर्जाचा नमुना असेल तर पाठवा.

एक शंका माझीच. मुंबईत पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असूनही लोक आजही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. आमच्या बोळाला सगळे "टाकीचा बोळ" म्हणतात. नाव तोंडात रुळावं म्हणून "मामा मार्ग" असं छोटं ठेवलं तर चालेल का, की ठरावात पूर्ण नावच लागतं?