डेनबरीचे खड्डे: आधी पेव, मग उकिरडा

इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या डेनबरीच्या लोहयुगीन टेकडीकोटातले (टेकडीवरच्या तटबंदीतले) खड्डे कचऱ्याचे होते, असं कुणी कुणी म्हणतं. कचरा नंतरचा, मुळात ती पेवंच, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे. खडूच्या मऊ खडकात खोदलेली, बरीचशी तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. धान्य भरलं की तोंडावर चिकणमातीचं गच्च लिंपण. भिंतीलगतच्या ओलसर दाण्यांना मोड येतात, ते आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मधलं धान्य निपचित पडून राहतं. पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी बट्सर इथल्या प्रायोगिक शेतावर केलेल्या प्रयोगांत असं धान्य पुढे उगवलंही. बिघडतं ते लिंपण तडकून पाणी झिरपलं की: बुरशी धरते, आंबूस वास सुटतो. शिवाय पेव फोडलं की एकदम रिकामं करावं लागतं. रोज मापटंभर काढायची सोय नाही. पेरणीला मात्र बियाणं एकदमच लागतं. त्यामुळे निदान काही पेवं बियाण्याची असावीत, हा तर्क मला पटतो.