लंडन, गुडघे आणि घाबरणारे अहो

ताई, तुमचे गुडघे दुखतात आणि गर्दीत अहो घाबरतात म्हणून लंडन रद्द नका करू हो! फक्त ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, हट्ट सोडा, जुन्या स्टेशनांत जिने फार, बसनेच फिरा, सगळ्या लो-फ्लोअर आहेत, मधल्या दारातून रॅम्प बाहेर सरकतो आणि व्हीलचेअरवाल्यांना तिकीटही नाही. १५ नंबर धरली की ट्रॅफल्गार स्क्वेअर, सेंट पॉल्स कॅथेड्रल, टॉवर ऑफ लंडनचा किल्ला बसल्या बसल्या दिसतं. ब्लॅक कॅबमध्येही रॅम्प असतोच. आमच्या ह्यांना बेत आधी कळला की जीव भांड्यात पडतो, म्हणून मी रोज सकाळी नकाशावर टॉयलेट कुठे, बसायचं कुठे हे दाखवून ठेवायचे. दिवसाला एकच ठिकाण ठेवा, ब्रिटिश म्युझियम तर फुकटच आहे, अर्धं बघून परत आलात तरी चालतंय.