बोर्ड लावला, आता तुमचं तुम्ही बघा

खडीवाला : काल इथे एकाने पुण्याजवळच्या कुंडमळ्याच्या पुलाबद्दल लिहिलं, "धोकादायक पूल असा बोर्ड होता, तरी लोक फोटो काढायला चढले. सरकार काय हात धरून उतरवणार होतं?" खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

१५ जून २०२५ला इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल पडला, चार जण गेले. बोर्ड होता याचा अर्थ धोका सरकारला ठाऊक होता, आणि ठाऊक असल्यावर बोर्डाने भागत नाही. पूल खरंच बंद करायचा तर दोन्ही टोकांच्या पहिल्या गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाचा, डेक (वरची चालायची फरशी) उचलायचा. पुलावर पायच ठेवता आला नाही पाहिजे. गंजलेल्या गर्डरवर, म्हणजे डेक पेलणाऱ्या तुळईवर, सुटीच्या दिवशी गर्दी आणि मोटारसायकली एकदम उभ्या राहतात, तेव्हा तो भार वर्षभराच्या येण्याजाण्यासारखा नसतो.

आणि बोर्ड नसलेल्या पुलांचं काय? महाडजवळचा सावित्रीवरचा पूल, १९२८चा, दगडी कमानींचा. मे २०१६मध्ये तपासून सुरक्षित ठरवला, २ ऑगस्टच्या रात्री दोन एसट्यांसकट गेला. त्या ड्रायव्हरांनी कुठला बोर्ड वाचायला हवा होता?

शाखा_कचेरी : डेक उचला म्हणे! असे पूल पलीकडच्या शेतकऱ्यांची रोजची वाट असतात. डेक उचलला की दुसऱ्या दिवशी मोर्चा, तिसऱ्या दिवशी फळ्या टाकून तोच पूल चालू, आणि मग बोर्डही राहत नाही. राहिली सावित्री. तपासणी झाली नव्हती असं नाही ना? मे महिन्यात दगडांचे सांधे दिसतात, वडा-पिंपळाची रोपं दिसतात. पाण्याखालचा पाया कसा दिसणार?

खडीवाला : दिसत नाही म्हणून तर स्कावर, म्हणजे पाण्याने पायाभोवतीची झीज, मोजायचा असतो. पुराच्या जोरात खांबाभोवती खड्डा पडतो, पूर ओसरताना त्यातच सैल वाळू-गाळ भरतो. वरून तळ होता तसाच दिसतो, शेरा पडतो "ठीक". सळई ठोकून बघा, मूळ तळात अडते आणि भरावात भसकन जाते. डोहात पाणबुड्या उतरवावा लागतो. कमानीच्या पुलात तर एक खांब खचला की शेजारच्या कमानीचा रेटा पेलायला कुणी उरत नाही, एकामागोमाग एक बसतात. हे मे महिन्यात कठड्यावरून वाकून कळत नाही.

वाळूचोरांचा_काळ : मूळ मुद्दा वाळू. नदीतून उपसा केला की तळ खाली जातो, पाया उघडा पडतो. मग खुशाल पाणबुडे उतरवा! बांधकाम खातं महसूलकडे बोट दाखवतं, महसूल पोलिसांकडे.

नाना_जोडरस्ता : सगळे पाण्याखाली बघताय, पुलावर बघा जरा. दर दोन-चार वर्षांनी रस्त्याबरोबर पुलावरही ५० मिलिमीटरचा डांबरी थर. १५ मीटरचा गाळा, साडेसात मीटर रुंदी, घनमीटरला २.३ टन धरा. एका थराचे १३ टन होतात, चार थरांचे बावन्न. हे ओझं कायमचं, ट्रक असो वा नसो. शिवाय त्याखाली एक्स्पान्शन जॉइंट (गर्डरला लांबायला ठेवलेली फट) गाडला जातो, पाणी काढून देणारे पाईप बुजतात. पाणी बेअरिंगवर (गर्डर खांबावर ज्यावर टेकतो आणि सरकतो ते), त्यातला रोलर गंजून जाम, आणि उन्हाळ्यात गर्डर लांबला की खांबाच्या डोक्याला तडे.

शाखा_कचेरी : मग डांबर खरवडणारं मिलिंग मशीन फिरवा की! खालचं काँक्रीट खरवडून सळई उघडी पडली तर जबाबदार कोण?

नाना_जोडरस्ता : शेवटचे १० मिलिमीटर हाताने काढायचे, हे तुम्हाला मी सांगायचं? दर थराच्या आधी जाडी मोजून रजिस्टरला लिहिली असती तर ही वेळच आली नसती. अंधेरीच्या गोखले पुलाचा फुटपाथ २०१८ला पडला, त्याच्या चौकशीत गंजाबरोबर काय निघालं? फुटपाथवर नंतर चढलेलं ओझं. केबल, पेव्हर ब्लॉक, वाळू.

शाखा_कचेरी : थर टाका म्हणणारे खड्ड्यांवर मोर्चे काढणारेच असतात. पावसाआधी गुळगुळीत रस्ता हवा, तोही फुकटात. शाखा अभियंत्याकडे पुलाखाली जाणारी गाडी नाही, दुर्बीण नाही. खाली वाकला तर वरून ट्रक.

खडीवाला : गाडी द्यायची कुणी? सरकारनेच ना? मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, नुसतं चिडून.

ठेकेदार_नाही_मी : ऑडिट बाहेर द्या, प्रश्न संपला.

खडीवाला : दिलं होतं की! सीएसएमटीचा हिमालय पूल बाहेरच्या ऑडिटरने किरकोळ दुरुस्ती सुचवून पास केला, १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी पडला. पुढे ऑडिटरला अटक झाली आणि पालिकेच्या अभियंत्यांनाही. सर्वात कमी दराच्या निविदेत रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटचा कठीणपणा अजमावणाऱ्या हातोड्याचे) चार ठोके आणि फोटो मिळतात. रंगाखालचा गंज घासून उरलेली जाडी मोजायची तर मचाण लागतं, मचाणाचे पैसे त्या दरात बसत नाहीत.

शाखा_कचेरी : बरं बाबा, नुसता बोर्ड पुरेसा नाही. मान्य! उद्यापासून प्रत्येक बोर्डाखाली एक अभियंता उभा करा, छत्री तुमच्याकडून.

नाना_जोडरस्ता : ते ठीक. बावन्न टनांचं काय करताय?