परदेशात समर इंटर्नशिप, बी.आर्क. थर्ड इयरला जमेल का?

थर्डइयर_कर्वेनगर
नमस्कार, मी पुण्यात बी.आर्क. थर्ड इयरला आहे, मूळची पंढरपूरकडची. परीक्षेनंतरच्या सुट्टीत युरोपात एखाद्या ऑफिसमध्ये इंटर्नशिप करायची खूप इच्छा आहे, त्यातही मातीच्या बांधकामात, कारण आमचं गावचं घर अजून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे आणि मला ते काम मनापासून आवडतं. बऱ्याच ठिकाणी मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही. क्लासमधले म्हणतात एजंट गाठ, तो पैसे घेऊन लावून देतो. पण घरची परिस्थिती साधारण आहे, तिकडे बिनपगारी राहणं झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?

स्केल_एकासपन्नास
एजंटच्या नादी अजिबात लागू नकोस. मी ट्रेनिंग जर्मनीत केलंय म्हणून सांगते, आधी सुट्टीचा हट्ट सोड. दीड-दोन महिन्यांसाठी ऑफिसं सहसा घेत नाहीत, त्यांची कामाची पद्धत कळेपर्यंतच तुझी परतीची वेळ येते, आणि ऑगस्टमध्ये तिकडे बरेच जण स्वतःच सुट्टीवर असतात. आपल्याकडे प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं अख्खं सेमिस्टर आहे ना, ते धर. जर्मनीत बाहेरच्या युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना चार सेमिस्टर झाल्यावर आपल्या विषयातलं प्राक्टिकुम, म्हणजे इंटर्नशिप, करता येतं, त्याला तिकडच्या एम्प्लॉयमेंट एजन्सीची मान्यता लागते, त्याचे कागद ऑफिसकडून होतात आणि मग व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करायचं मनातही आणू नकोस. पगाराचं आधीच स्पष्ट विचार, कारण अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या इंटर्नशिपला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे किती द्यायचं हे ऑफिसवर असतं. आणि कॉलेजला परदेशातलं ट्रेनिंग चालतं का ते लेखी घे, तोंडी नको.

पेठेतला_आर्किटेक्ट
माझ्या ऑफिसमध्ये दरवर्षी ढिगाने पोर्टफोलिओ येतात आणि नव्वद टक्के सारखेच असतात, कॉम्प्युटरवर केलेली चकचकीत चित्रं (रेंडर), संध्याकाळचं आकाश, काचेची बिल्डिंग. तिकडे वेगळं काय असणार? तुझ्याकडे माळवदाचं घर आहे, ते सोनं आहे गं! गावी जाऊन मापं घेऊन त्याचं मेजर्ड ड्रॉइंग कर, तुळया, वरचा पांढऱ्या मातीचा थर, पाणी कुठून उतरतं, पावसाळ्याआधी घरचे काय डागडुजी करतात, सगळं हाताने काढ, मोठा सेक्शन काढ, म्हणजे घर उभं कापल्यावर आत जसं दिसेल तसं. मातीत काम करणाऱ्यांना हेच बघायचं असतं. अ‍ॅना हेरिंगर या जर्मन आर्किटेक्टनी बांगलादेशात रुद्रपूरला गावकऱ्यांना घेऊन माती-बांबूची शाळा बांधली, त्या शाळेला २००७ साली आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रियात मार्टिन राउख आहेत, बर्लिनच्या चॅपेल ऑफ रिकन्सिलिएशनच्या ठोकून केलेल्या मातीच्या भिंती त्यांच्याच. आधी अशांचं काम नीट वाच आणि प्रत्येक ऑफिसला वेगळा मेल लिही, एकच मेल सगळ्यांना गेलेला पहिल्या ओळीत कळतो. दहा-बारा पानं पुष्कळ झाली, फाइल हलकी ठेव.

चुना_आणि_माती
सुट्टी वाया घालवू नकोस एवढंच म्हणेन. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या विटांचं, कमानी-घुमटांचं ट्रेनिंग होतं, व्हिसा नको, खर्चही युरोपच्या मानाने कितीतरी कमी. नंतर परदेशी ऑफिसला लिहिताना हातात खरंखुरं काम असेल.

थर्डइयर_कर्वेनगर
खूप खूप आभार सगळ्यांचे, घराचं ड्रॉइंग करायचं डोक्यातच आलं नव्हतं. आजी अजून तिथेच असते, तिला सगळं माहितीये. ताई, जर्मन यावंच लागतं का? आणि मेल कुणाच्या नावाने टाकू?

स्केल_एकासपन्नास
ऑफिसवर आहे, मोठ्यांमध्ये इंग्लिश चालतं, छोट्या गावातल्या ऑफिसात कारागिरांशी बोलायला जर्मन लागतंच, बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची पहिली पातळी, ए-वन (A1), लगेच सुरू कर. आर्चिकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही शिकून ठेव, तिकडे बरंच चालतं. वेबसाइटवर नोकरीच्या पानावर जो आयडी असेल त्यालाच मेल टाक आणि विषयातच कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत येऊ शकतेस ते लिही. निदान आठ-नऊ महिने आधी.