वस्तीतल्या पोरींना पुढं कसं आणायचं?

माणदेशी_ताई: आमच्या म्हसवडकडच्या वस्तीत मेंढपाळ आणि वडार घरातल्या कॉलेजच्या पोरी आहेत, हुशार आहेत पण मीटिंगला मागं बसून ओढणी चाळवत राहतात, उभं केलं की गप. एकदिवसाची शिबिरं लई झाली, फोटो निघतात आणि विषय संपतो. काय करू?

कृष्णाकाठ_सांगली: शिबिरं बास करा आधी. प्रत्येकीला एक ताई जोडून द्या, शक्यतो तिच्याच समाजातली, आशाताई नायतर बचत गटातली, वर्षभर तरी. आणि खरं काम द्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे, तिथं पाण्याचा अर्ज पोरीनंच वाचायचा, शिक्का मारलेली पोच पण तिनंच घ्यायची. ग्रामसेवकानं "उद्या या" म्हणलं तरी ताईनं मधी बोलायचं नाही, हे अवघड जातं पण गरजेचं आहे.

वाईकर: पंचायतीत ५०% जागा बायकांना आहेत, पण सही बाईची अन् कारभार नवऱ्याचा. म्हसवडातच माणदेशी महिला सहकारी बँक आहे की १९९७ पासनं, तिथं भेटा.

फलटण_एसटी: मीटिंग एसटीच्या टायमात बसवा ओ, अंधार पडल्यावर कोण पाठवणार पोरीला?