बंदीच्या दिवसांत समुद्रात कोण कोण जातंय? (रेस्क्यू बोटींचे गेम – अनुभव सांगा)

मिऱ्याचा वारा, रत्नागिरी

१ जूनला बंदी लागली, बोटी वर ओढून शाकारून झाल्या, आता ३१ जुलैपर्यंत जाळी शिवणं आणि पत्ते. मी मात्र रोज रात्री जेवण झालं की नॉर्थ सीमध्ये. घरून काम करतो, त्यामुळे लॅपटॉप बरा आहे, सेलमध्ये 'शिप सिम्युलेटर: मॅरिटाइम सर्च अँड रेस्क्यू' घेतला. गेम जुना आहे, दहाएक वर्षं झाली असतील, ग्राफिक्स बघून हसाल. पण विषय भारी आहे. जर्मनीत डीजीझेडआरएस नावाची संस्था आहे, १८६५ पासून समुद्रात अडकलेल्यांना काढते, तिच्यावर हा गेम आहे. बुडत्या माणसाला शोधायचं, उचलायचं, किनाऱ्याला आणायचं. बंदुका नाहीत, रेस नाही.

माझे आजोबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य खलाशी, होते. आता डोळ्याला कमी दिसतं तरी खुर्ची ओढून बाजूला बसतात. पहिल्या दिवशी विचारलं, "ह्यांना पगार कोण देतो?" म्हटलं, लोक देणग्या देतात, दुकानांत होडीच्या आकाराचे डबे ठेवलेले असतात, त्यात सुटे पैसे टाकतात, सरकारचा पैसा त्यात नाही. त्यांना ते पटेना. "देवळाच्या पेटीसारखं?" हो, तसंच. मग गप्प.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यातल्या माणसाकडे वाऱ्याच्या बाजूने बोट नेली तर ओरडले, "अरे वरून काय जातोस, वारा तुलाच त्याच्या अंगावर ढकलील! खालून ये, तोंड वाऱ्यात घाल." आणि खरंच मी त्या माणसावरूनच बोट नेली. मिशन फेल.

तर कोणी कोणी असले गेम खेळलेत? आपल्या समुद्राच्या मानाने कसे वाटले? लिहा. मोबाइलवरचे असले तरी चालतील.

मालवणी मेकॅनिक

मी 'स्टॉर्मवर्क्स'वालो. माका वाटला गेम म्हंजे होडी चालवची नि माणसा वाचवची, पण ह्यात पयली होडी बांधूची लागता! पुढे मराठीतच लिहितो नाहीतर देशावरचे लोक पळून जातील.

२०१८ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (अर्धवट असतानाच विकतात तसा) आला आणि २०२० ला पूर्ण निघाला, ब्रिटिश टीमचा आहे. ठोकळे जोडून बोट करायची, इंजिन, गिअर, पंप, टाकी सगळं आपणच जोडायचं. मी पहिली बोट केली ती दिसायला एकदम झकास, वर मोठं केबिन, त्यावर रडार, सर्चलाइट, क्रेन, आणि पाण्यात सोडली तर अर्ध्या मिनिटात आडवी. कारण सगळं वजन वर. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, तळात दगड घाल की. आमची जुनी शिडाची होडी होती तिच्यात तळाला धोंडे असायचे म्हणे. गेममध्ये वजनाचे ठोकळे मिळतात, ते खाली घातले आणि उभी राहिली! मग दार उघडं ठेवून निघालो, इंजिनरूममध्ये पाणी भरलं, मागून खाली बसली. तिसरी बोट इंजिन तापून पेटली. म्हणजे वाचवायला गेलेल्यालाच वाचवा.

डिप्लोमाला कंट्रोल सिस्टीममध्ये पीआयडी होतं, म्हणजे चूक मोजून यंत्र आपोआप ताळ्यावर आणायचं गणित, तेव्हा काडीचं कळलं नव्हतं. ह्या गेममध्ये लाटांत बोट सरळ ठेवायला मीच ते लॉजिक जोडलं आणि रात्री दोन वाजता एकटाच ओरडलो. आई उठून आली, काय झालं म्हणून. काय सांगणार, ग्राफ सरळ झाला?

सुट्टीवरचा थर्ड मेट, गुहागर

आजोबा बरोबर आहेत आणि वाऱ्याच्या बाजूने जाणंपण कधी कधी बरोबर असतं, भांडू नका. छोटी होडी असेल तर खालच्या बाजूने, वाऱ्यात तोंड करून जायचं, म्हणजे आपण माणसावर जात नाही. पण जहाज मोठं असेल तर ते वाऱ्याच्या बाजूला आडवं धरतात, त्याच्या आडोशाला पाणी जरा शांत होतं आणि तिथे रेस्क्यू बोट सोडतात. जर्मनांच्या मोठ्या बोटींच्या पाठीतच छोटी बोट असते, मागून घसरवून पाण्यात सोडतात, तिला ते लेक म्हणतात. हेल्गोलँड बेटावर त्यांची ४६ मीटरची सगळ्यात मोठी बोट असते. आजोबांची होडी किती असेल, दहा मीटर? म्हणून नियम वेगळा.

माझं मत विचाराल तर जहाजांच्या बहुतेक गेममध्ये एकच मोठी खोट, जहाज फार लवकर थांबतं. खरं भरलेलं जहाज फुल अस्टर्न दिलं, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात उलटं फिरवलं, तरी बराच वेळ पुढे जातच राहतं, तुम्ही ब्रिजवर नुसते बघत उभे. माणूस पाण्यात पडला तर विल्यमसन टर्न मारतात, म्हणजे सुकाणू आधी पडलेल्या बाजूला पूर्ण टाकायचं, साठ अंशांनी डोकं वळलं की उलट बाजूला पूर्ण टाकायचं, मग बोट आपल्याच मागच्या वाटेवर उलटी येते. रात्री माणूस नक्की कुठे पडला ते माहीत नसलं तर हाच उपयोगी. 'शिप सिम्युलेटर एक्स्ट्रीम्स' २०१० चा आहे, त्यात मी हे मारून बघितलं, ट्रेनिंगच्या आधीच हात बसला. तो रॉटरडॅमच्या व्हीस्टेपचा, ते लोक ट्रेनिंगचे खरे सिम्युलेटरपण करतात. त्यात ग्रीनपीसच्या मोहिमापण आहेत, मजा येते.

बाकी रेडिओचं कोणीच नीट करत नाही. रेडिओच्या चॅनल १६ वर खरी मेडे, म्हणजे 'वाचवा' अशी हाक, ऐकलीत ना, तर पाठीतून थंडी जाते. तीनदा मेडे, तीनदा जहाजाचं नाव, मग जागा, मग काय झालंय, किती माणसं. गेममध्ये एकदम नकाशावर ठिपका येतो. ठिपका कुठे मिळतो हो समुद्रात.

पीसी रडतोय

आठ जीबी रॅम. वादळ आलं की फॅन असा ओरडतो की घरचे म्हणतात हेलिकॉप्टर आलं. त्यात आमच्याकडे वारा सुटला की आधी लाइट जाते. वादळाचा गेम वादळात खेळता येत नाही हाच माझा अनुभव.

खाडीपलीकडची, देवगड

मी गेमवाली नाही, मुलगा खेळतो, नववीत आहे. पण वाचून राहवलं नाही.

तो स्टॉर्मवर्क्समध्ये वाऱ्याचा स्लायडर पूर्ण टाकतो आणि "मम्मी बघ लाटा" म्हणून बोलावतो. मी बघते आणि स्वयंपाकघरात जाते. नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा माझे बाबा बाहेर होते. ११ तारखेला दिवसभर अंधार, माड जमिनीला टेकत होते, फोन लागत नव्हता. आमच्या देवगडच्या बंदरात आडोसा आहे म्हणून लांबलांबच्या बोटी आत येत होत्या आणि आई प्रत्येक बोटीवरच्या माणसाला विचारत होती, अमुक बोट बघितलीत का. तिसऱ्या दिवशी बाबा आले, दुसऱ्याच बोटीतून. स्वतःची बोट गेली होती. काय झालं ते त्यांनी नीट कधी सांगितलंच नाही, एवढंच म्हणाले की शेजारच्या जाळ्यावाल्याने दोर टाकला.

म्हणून मला त्या गेममधलं एक खटकतं. तिथे वाचवायला सगळं मोठं जहाज येतं, लाइट लावून, हेलिकॉप्टर घेऊन. आमच्याकडे पहिला येतो तो बाजूचा मच्छीमारच. कोस्ट गार्ड येतात, १५५४ नंबर आहे, आता बोटींवर डॅटचं यंत्रपण असतं, बटण दाबलं की कोस्ट गार्डच्या केंद्राला जागा कळते. पण तोपर्यंत दोर कोण टाकणार? मुलाला म्हटलं असं काहीतरी बनव. त्याने एक साधा ट्रॉलर केला, निळा-भगवा, पुढे डोळे काढले, आणि मित्राबरोबर ऑनलाइन खेळताना एक बुडतो, दुसरा आपलं पाण्यातलं जाळं कापून त्याला वाचवायला जातो. जाळं कापून हे त्याचं त्यानेच सुचवलं, मी सांगितलं नव्हतं. ते मात्र मी शेवटपर्यंत बघितलं.

हर्णै लिलाव

वरच्या ताईंना नमस्कार. जाळं कापणं हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. जाळं म्हणजे लाखांत पैसे असतात हो.

मला हे गेम आवडले नाहीत, स्पष्ट सांगतो. भाच्याने दाखवले. अर्धे गेम असे की बोट फुल स्पीडने पळवा, डिझेलचा हिशोबच नाही. अरे दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, पाण्यातून बोट बाहेर काढताना आम्ही मनात आकडे मोडतो. भाचा म्हणाला स्टॉर्मवर्क्सच्या करिअरमध्ये डिझेलला पैसे लागतात, मिशन केलं की बक्षीस मिळतं त्यातून भरायचं. ते बरं. पण मग तो लांबचं मिशन सोडून जवळचंच घेतो, परवडत नाही म्हणून! मी म्हटलं, लांबचा माणूस बुडू दे का मग? तर म्हणतो मामा, गेम आहे. असेल.

रेवस लाँच

हर्णैवाले काका, तुमच्या भाच्याला सांगा सेटिंगमध्ये पैसे वाढवता येतात.

मला दुसरंच म्हणायचंय. जर्मन गेम खेळताना पाण्यात पडलेल्याला फार वेळ नसतो कारण तिथलं पाणी हिवाळ्यात पाच अंशांच्या आसपास, माणूस बुडायच्या आधी थंडीने जातो. आपल्या पाण्यात पंचवीसच्या वरच असतं, लाइफ जॅकेट असलं तर माणूस खूप तास तग धरतो. मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज मुंबईजवळ बुडालं तेव्हा माणसं रात्रभर लाटांत होती, नौदलाच्या आयएनएस कोची वगैरेंनी १८० हून जास्त माणसं काढली, सत्तरच्या वर गेली. असं मिशन गेममध्ये आलं तर टायमर वेगळा लागेल, शोधायचा पट्टा वेगळा लागेल. इकडे थंडी मारत नाही, इकडे लाट, दमणूक आणि तहान मारते.

आणि आमच्या घरात लाँचने भाऊच्या धक्क्याला जाताना आजी काशाच्या खडकाकडे बघून हात जोडायची. १७ जुलै १९४७, रामदास बोट तिथे बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली, गटारीला घरी निघालेली. लहानपणी वाटायचं एवढ्या जवळ, मुंबई दिसते तिथून, आणि कोणीच कसं नाही वाचवलं. खरं तर जी थोडी वाचली त्यात पोहत आलेली होती आणि कोळ्यांच्या होड्यांनी उचललेली होती. ताई म्हणतात तेच.

कोणाला नकाशा बनवता येत असेल तर मुंबई ते हर्णैपर्यंतचा किनारा बनवूया का? मी खोलीचे आकडे चार्टवरून काढून देतो. निदान खांदेरी-उंदेरी तरी.

मालवणी मेकॅनिक

सिंधुदुर्ग किल्ला घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि तिकडचे खडक घालायचे असतील तर खडकांतून वाट दाखवणारा म्हातारा पण घालावा लागेल, तो कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळतो?

सुट्टीवरचा थर्ड मेट

मी पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, तोपर्यंत सर्च पॅटर्नचं लिहून देतो. चौकोन वाढवत न्यायचा तो आणि पाकळ्यांसारखा तो. पण आधी वाहून किती जाईल त्याचा हिशोब, नाहीतर माणूस उत्तरेला आणि तुम्ही चौकोन काढताय दक्षिणेला.

मिऱ्याचा वारा, रत्नागिरी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आजोबांना सगळे वाचून दाखवले. थर्ड मेटला सांगितलंय, "आमची होडी अकरा मीटर होती, दहा नाही." जाळं कापल्याचं दोनदा वाचायला लावलं.

बसरा स्टारचं विचारलंय एकाने मेसेजमध्ये. हो, ३ जून २०२० ला निसर्ग वादळाच्या वाऱ्यात आमच्या मिऱ्याला येऊन लागलं ते जहाज, आणि वर्षानुवर्षं तिथेच लाटा खात गंजत होतं, लोक सेल्फी काढायला यायचे. आजोबा त्या बाजूला फिरायला जात नाहीत. जहाज असं जमिनीवर बघवत नाही म्हणतात.

काल रात्री धुक्याचं मिशन होतं, एक लाइफराफ्ट शोधायचा. मी रडार बघत गोल गोल फिरत होतो. आजोबा म्हणाले, "इंजिन बंद कर." म्हटलं का? "बंद कर आणि ऐक. धुक्यात आम्ही मशीन बंद करायचो, कोण हाक मारतोय का बघायला." मी बंद केलं, हेडफोन काढून स्पीकर लावले. पाचेक मिनिटं दोघं नुसता वारा ऐकत बसलो, बाहेरचा पाऊस कुठला आणि गेममधला कुठला ते कळत नव्हतं. वेळ संपली, स्क्रीनवर मिशन फेल आलं. ते त्यांना दिसलं नाही.

"जरा पुढे ने," म्हणाले, "आणि परत बंद कर."