१९६६ च्या शेवेलमधील पॉवरग्लाइड बदलायचा आहे. कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडावा?

शेवेल_६६

माझ्याकडे १९६६ सालची शेव्हरले शेवेल आहे. तिला २८३ घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणि मूळचाच दोन गिअरांचा पॉवरग्लाइड आहे. गिअरबॉक्स अजून चालतो, पण गाडी थंड असताना गिअर पकडायला वेळ लागतो, तेलाला जळका वास येतो आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन क्षणभर मोकळेच फिरते. मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) ३.०८ असून टायरचा व्यास साधारण २६ इंच आहे. गाडी शर्यतीसाठी नाही. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने लांबचे प्रवास करणे एवढीच अपेक्षा आहे. ज्याला विचारावे तो चार गिअरांचा ७००आर४ बसवायला सांगतो. एवढा खर्च आणि कापाकापी करण्यापूर्वी, तोच या गाडीला योग्य आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

गिअरचक्र

आपण ॲक्सलचा रेशो दिलात हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे उत्तर गिअरबॉक्सपेक्षा त्या आकड्यातच अधिक दडलेले आहे. २६ इंची टायर ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतो, म्हणजे ३.०८ च्या ॲक्सलवर सरळ गिअरमध्ये (रेशो १) इंजिन साधारण २,४७५ आरपीएमवर चालते. व्ही-८ साठी हा वेग मुळीच जास्त नाही. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा आहे; तो लावला की हाच आकडा १,७३० च्या जवळ येतो. दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवरचे २८३ तिथे सपाट रस्त्यावर कसेबसे गाडी ओढेल, पण लहानसा चढ आला तरी गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरेल, पुन्हा चौथ्यात चढेल आणि या चढउतारात तेल तापत राहील.

आपल्या गाडीची खरी अडचण जागेवरून उठताना आहे. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर सुमारे १.८ चा असल्याने ३.०८ च्या ॲक्सलशी गुणाकार, म्हणजे इंजिनाची ओढ चाकांपर्यंत किती पट होते तो आकडा, जेमतेम साडेपाच येतो. तीन गिअरांच्या टीएच३५० चा पहिला गिअर २.५२ चा आहे, त्यामुळे तोच गुणाकार पावणेआठच्या घरात जातो आणि गाडी चालू करताच फरक जाणवतो. ७००आर४ मध्ये तो जवळपास साडेनऊ होतो खरा, पण त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा १.६३ असल्यामुळे मध्ये मोठी दरी पडते. ४,५०० आरपीएमला गिअर बदलला तर इंजिन २,४०० पर्यंत खाली येते, तर टीएच३५० मध्ये ते २,७०० ला थांबते. ॲक्सल बदलायचा नसेल, तर माझे मत निःसंशय टीएच३५० च्या बाजूने आहे.

तेलपट्टी

वरील मताशी मी सहमत आहे आणि त्यात बसवण्याच्या बाजूची भर घालतो. आखूड शेपटीचा (मागच्या आवरणाचा) टीएच३५० लांबीला पॉवरग्लाइडएवढाच, म्हणजे २७ इंचांपेक्षा किंचित जास्त असतो. गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा क्रॉसमेंबर जागेवर राहतो, मागच्या ॲक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्टही तोच चालतो, आणि दोघांचा आउटपुट शाफ्ट २७ दात्यांचा असल्याने प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचा योकही बदलावा लागत नाही. ७००आर४ सुमारे तीन इंच जास्त लांब आहे, त्यामुळे शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो आणि क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो. पुढे कधी ३.५५ किंवा ३.७३ चा ॲक्सल घेतलाच, तर २००-४आर या चार गिअरांच्या गिअरबॉक्सचा विचार करावा. त्याची लांबी टीएच३५० एवढीच आहे, मात्र त्याचा माउंट अगदी शेपटीकडे असल्याने क्रॉसमेंबर सहा-सात इंच मागे न्यावा लागतो.

ओव्हरड्राइव्हच्या (१ पेक्षा कमी रेशोच्या चौथ्या गिअरच्या) या दोन्ही गिअरबॉक्सांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी त्यांची थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल गिअर कधी बदलायचा एवढेच ठरवत नाही, तर आतल्या तेलाचा दाबही तिच्यावरच ठरतो. एका वर्कशॉपने माझ्या गाडीत ७००आर४ बसवताना ही केबल कार्ब्युरेटरला अंदाजाने जोडली. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरही ती पूर्ण ताणली जात नव्हती, दाब अपुरा राहिला आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेट पहिल्याच लांबच्या प्रवासात जळाल्या. गिअरबॉक्स नुकताच नव्याने बांधलेला होता. दोष केवळ त्या केबलच्या जोडणीचा होता. टीएच३५० दाबासाठी इंजिनाच्या निर्वातावर चालणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर वापरतो, आणि त्याची केबल फक्त किकडाउनपुरती (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर लावण्यापुरती) असते.

मूळरूप

थोडा वेगळा विचार मांडतो. गाडीचा मूळ पॉवरग्लाइड तिच्याजवळ असणे ही मोलाची गोष्ट आहे. काहीही बसवलेत तरी तो विकू नका. तेल काढून, तोंडे बंद करून कोरड्या जागी ठेवा. टीएच३५० बसवताना गाडीला एकही नवे भोक पाडावे लागत नाही, म्हणून मलाही तोच पर्याय पटतो.

शेवेल_६६

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टीएच३५० घ्यायचे ठरवले आहे आणि मूळ गिअरबॉक्स जपून ठेवीन. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) जुनाच चालेल का, आणि बसवताना विशेष काय पाहावे?

तेलपट्टी

जुना कन्व्हर्टर चालणार नाही. टीएच३५० चाच, मूळ गाड्यांत असे तसा कमी स्टॉलचा (कमी आरपीएमलाच गाडी ओढू लागणारा) घ्या. इंजिनामागच्या फ्लेक्सप्लेट या दातेरी चकतीचे दाते मोजा: १५३ आणि १६८ असे दोन प्रकार असतात, आणि स्टार्टर त्यानुसारच लागतो. कन्व्हर्टरच्या बोल्टांची वर्तुळेही फ्लेक्सप्लेटशी जुळतात का ते पाहा. स्टिअरिंगवरच्या गिअर दांड्याला पॉवरग्लाइडच्या दोन गिअरांच्याच खाचा असल्याने तिथले लिंकेज आणि निर्देशक बदलावे लागतील. रेडिएटरमधला ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या आतून धुतल्याशिवाय नवा गिअरबॉक्स जोडू नका, कारण जळालेल्या क्लचचा चुरा तिथेच साचलेला असतो.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात बसवताना तो फिरवत आत ढकलावा. एकामागून एक असे तीन टप्प्यांत तो आत सरकल्याचे हाताला जाणवते. गिअरबॉक्स इंजिनाला टेकवून बोल्ट आवळल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून तीन ते पाच मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. ते अंतर दिसत नसेल तर पुढचा एकही बोल्ट आवळू नका, गिअरबॉक्स पुन्हा उतरवा; नाहीतर इंजिन सुरू होताच पंप फुटेल.